रक्षेची ठेव कोणापाशीं?

(शास्त्रभाग : १ करिंथ, अध्याय १५, वचनें ३५ ते ४४)



आमच्या परिचयाच्या एका खेड्यांतील मंडळींत एक विधवा बाई आहे. २०२१ सालच्या साथींत तिचा थोरला मुलगा शहरांत वारला. देह गांवीं आणण्याची सोय नव्हती. तेथेंच विद्युत्दाहिनींत त्याचें दहन झालें, आणि फडक्यानें तोंड बांधलेलें एक मडकें तिच्या हातीं आलें. मंडळीच्या कबरस्थानांत तें पुरावें अशी तिनें विनंति केली. तेव्हां कोणी म्हणाले, "राखेला कबर कशाला?" कोणी म्हणाले, "जाळलेला मनुष्य शेवटल्या दिवशीं उठेल कसा?" आणखी कोणी म्हणाले, "हे तर जुन्या चालीकडे परत वळले." उपदेशकासहि काय करावें हें कळेना. मडकें घरांतील फळीवरच राहिलें. आम्ही तिच्या भेटीस गेलों तेव्हां दोन वर्षें लोटलीं होतीं. ती म्हणाली, "पाळकसाहेब, सांजेला दिवा लावतें तेव्हां मी फळीकडे पाठ करतें. माझ्यानें तिकडे बघवत नाहीं, आणि त्याला कुठें सोडवतहि नाहीं."

हें दुःख तिच्या एकटीचें नाहीं. त्या साथींत कित्येक ख्रिस्ती घरांत देहाऐवजी रक्षा आली. शहरांतील कबरस्थानांत जागा अपुरी पडत असल्यामुळें पुढेंहि ती येईल. म्हणून याविषयीं आपण शास्त्राच्या उजेडांत विचार करूं.

पहिली शंका अशी, कीं जाळलेल्या देहास पुनरुत्थान आहे काय? आपल्या प्रभूस कबरेंत ठेविलें होतें. म्हणून आरंभापासून ख्रिस्ती मंडळीनें देह पुरण्याची चाल आदरानें पाळिली, आणि ती चाल चांगली आहे. परंतु आपली आशा कबरेच्या खड्ड्यावर उभी नाहीं. इ. स. १७७ मध्यें लियों शहरांत छळ करणाऱ्यांनीं रक्तसाक्ष्यांचे देह जाळून त्यांची राख ऱ्होन नदींत टाकिली. यांस पुनरुत्थानाची आशा उरूं नये, हाच त्यांचा हेतु होता. १४१५ सालीं कॉन्स्टन्स येथें यान हूस यास जिवंत जाळून त्याची राख ऱ्हाइन नदींत फेंकिली. देवाचे हे साक्षी देवासच सांपडणार नाहींत काय? ज्यानें प्रथम मातीपासून मनुष्य घडविला, त्यास नदी अडवील काय? मातींत पुरलेला देहहि कांहीं वर्षांनीं मातीच होतो. अग्नि तेंच काम कांहीं तासांत करितो, इतकाच भेद. पौल बीजाचा दाखला देतो. ज्वारीचा दाणा पेरणारा शेतकरी तोच दाणा पुन्हां उकरून घरीं नेण्याची आशा धरीत नाहीं. कणसाची आशा धरितो.

शास्त्रांतहि याचें उदाहरण आहे. शौल राजा व त्याचे पुत्र लढाईंत पडले, तेव्हां याबेशकरांनीं त्यांचे देह जाळिले, अस्थि झाडाखालीं पुरल्या आणि सात दिवस उपास केला. दाविदानें त्यांस दोष दिला नाहीं. धन्याशीं ममतेनें वागलां म्हणून आशीर्वाद दिला. आपल्या महाराष्ट्राचे भक्त कवि नारायण वामन टिळक १९१९ सालीं मुंबईस वारले, तेव्हां त्यांच्याच इच्छेप्रमाणें देहाचें दहन झालें, आणि त्यांच्या रक्षेवरील समाधि अहमदनगरास आहे. कँटरबरीचे मुख्य धर्माध्यक्ष विल्यम टेंपल १९४४ सालीं वारले. त्यांचेंहि दहन होऊन रक्षा तेथील महामंदिराच्या आवारांत पुरण्यांत आली. ही जुनी चाल परत धरणें, असें या दोघांविषयीं कोण म्हणेल? आणि आपले हिंदु नातलग अस्थि घेऊन गोदावरीस जातात, तेव्हां त्यांच्या शोकाची थट्टाहि आपण करूं नये. डोळ्यांतलें पाणी सर्वांचें सारखेंच खारट असतें.

दुसरा प्रश्न रक्षेचें काय करावें हा. इंग्लंडांत वोकिंग येथें १८८५ सालीं पहिलें दहन झालें. आज त्या देशांत मेलेल्या चौघांपैकीं तिघांहून अधिकांचें दहन होतें. त्यामुळें पश्चिमेकडे स्मारकाचे नवे नवे प्रकार निघाले आहेत. कोणी रक्षेपासून हिरा करवून अंगठींत बसवितात. कोणी ती कांचेच्या मण्यांत मिळवितात, कोणी झाडाच्या मुळाशीं घालितात. अमेरिकेंत फ्लोरिडाजवळ १९९८ सालापासून रक्षा सिमेंटच्या पोकळ गोळ्यांत कालवून समुद्राच्या तळाशीं ठेवितात, म्हणजे तेथें मासे आसरा घेतात. १९९७ सालीं तर चोवीस जणांची चिमूट चिमूट रक्षा अग्निबाणानें आकाशांत पाठविली. रोमच्या मंडळीनें २०१६ सालीं आपल्या लोकांस सांगितलें कीं रक्षा उधळूं नये, घरीं ठेवूं नये, दागिन्यांत घालूं नये. पवित्र स्थळीं ठेवावी. तो नियम आपणांवर बंधनकारक नाहीं. तथापि, मेलेला मनुष्य एका घराची मालमत्ता नव्हे, हा त्यामागचा विचार आपणहि मनांत धरण्याजोगा आहे.

प्रेमानें केलेल्या आठवणीस आम्ही हंसत नाहीं. याकोबानेंहि राहेलीच्या कबरेवर स्तंभ उभारिला. परंतु अशी कांहीं वस्तु करण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या. यासाठीं कर्ज काढावें लागेल काय? मेलेल्याचें स्मारक जिवंत लेंकरांच्या तोंडचा घांस काढून करूं नये. या वस्तूस भिऊन किंवा तिला नमून मी देवापासून दूर जाईन काय? आणि भावंडांत ती वांटणीच्या भांडणाचें कारण होईल काय? हिरा चोरीस जातो, झाड दुष्काळांत वाळतें, कांच फुटते. देवाची आठवण मात्र फुटत नाहीं. मडक्यांत काय असतें? दोन-तीन शेर भाजलेल्या हाडांचें पीठ. मुलाची माया त्यांत नाहीं, त्याचा विश्वासहि नाहीं. तीं देवापाशीं ठेव म्हणून आहेत.

उपदेशकांनो, तुम्हांस आमची विनंति आहे. रक्षा घेऊन कोणी आलें तर त्यास दारांतून परत लावूं नका. देहासाठीं जी प्रार्थना, तीच रक्षेसाठीं करा. कबरस्थानांत आप्तांच्या कबरेशेजारीं हातभर खोल खड्डा घ्या, शास्त्रभाग वाचा, मृताचें पूर्ण नांव मोठ्यानें उच्चारा, आणि घरच्या माणसाच्याच हातानें रक्षा मातींत घाला. मंडळीच्या वहींत नांव व तारीख लिहा. कडुनिंबाचें रोप लाविल्यास उत्तम. पण पाणी कोण घालील हें आधीं ठरवा. पुनरुत्थानाच्या सणास पहांटे कबरस्थानांत जमाल, तेव्हां पुरलेल्यांबरोबर दहन झालेल्यांचींहि नांवें वाचा.

त्या बाईसाठीं आम्हीं असेंच केलें. तिच्या नवऱ्याच्या कबरेशेजारीं खड्डा घेतला. पूर्वीं नको म्हणणारांपैकींच एकानें कुदळ हातीं घेतली. बाईनें स्वतः फडकें सोडिलें. गांठ घट्ट बसली होती, तरी तिनें कोणास हात लावूं दिला नाहीं. रक्षा मातींत घातल्यावर ती बराच वेळ बसून राहिली. मंडळीहि तिच्याबरोबर बसली. पुढें भेटली तेव्हां म्हणाली, "आतां दिवा लावतांना पाठ फिरवावी लागत नाहीं."

प्रियहो, जें आपणांस धरून ठेवतां येत नाहीं, तें सोडून देण्याचें स्थळ आपणांस मिळालें आहे. आपलीं माणसें, पुरलेलीं असोत कीं जाळलेलीं, त्याच्याच हातीं आहेत जो मृतांतून उठला. त्यास सर्वकाळ गौरव असो. आमेन.