शेजाऱ्याचें भय आणि आपली बंदूक

मनुष्यानें अद्याप कोणावर बंदूक चालविलेली नाहीं. परंतु तो चालवील असें दुसऱ्यास भय वाटतें, एवढ्यावरून न्यायालयानें ती त्याजकडून काढून घ्यावी, हें न्याय्य आहे काय? हा वकिलांचा प्रश्न आहे, आम्हां खेड्यांतील ख्रिस्ती लोकांस त्याचें काय, असें वाचकांस प्रथम वाटेल. परंतु ज्या गांवीं बांधावरून भाऊ भावाशीं बोलेनासा झाला आहे, आणि त्यांतील एकाच्या घरीं रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं परवान्याची बंदूक आहे, तेथें हा मंडळीचाच प्रश्न होय.

या प्रश्नावर अमेरिकेंत मोठा वाद झाला आहे. त्या देशाच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं जी दुसरी दुरुस्ती झाली, तींत शस्त्र बाळगण्याचा हक्क लोकांस दिला आहे. तथापि ज्यास कोणापासून भय आहे त्याच्या अर्जावरून, "याच्या जवळ जाऊं नये, यास धमकावूं नये," असा मनाईहुकूम तेथील न्यायालयें देतात. पत्नी, सोबती किंवा मूल यांच्या रक्षणासाठीं असा हुकूम झाला, तर तो चालू असेपर्यंत बंदूक बाळगणें हा १९९४ च्या मध्यवर्ती कायद्यानें गुन्हा ठरतो. मात्र त्या मनुष्यास आगाऊ नोटीस व आपलें म्हणणें मांडण्याची संधि मिळालेली असली पाहिजे. शेजाऱ्यांच्या तंट्याची गोष्ट निराळी. मेरीलँड राज्यांत अशा तंट्यांसाठीं जो शांततेचा हुकूम होतो, तेवढ्यानें बंदूक आपोआप जात नाहीं. घरांतील माणसांच्या रक्षणाचा अंतिम हुकूम झाला म्हणजे मात्र शस्त्रें जमा करावीं लागतात.

टेक्सास राज्यांतील एका मनुष्यावर २०२० सालीं असा हुकूम झाला असतां त्यानें बंदुका जवळ ठेविल्या, व त्याबद्दल त्यास शिक्षा झाली. हा कायदाच हक्काच्या विरुद्ध आहे असें त्यानें म्हटलें, आणि २०२३ सालीं अपील न्यायालयानें तें मान्य केलें. परंतु २१ जून २०२४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें आठांविरुद्ध एक अशा मतांनीं कायदा उचलून धरिला. ज्यापासून दुसऱ्याच्या शरीरास खरोखर धोका आहे असें न्यायालयास आढळलें, त्याचें शस्त्र कांहीं काळ काढून घेतां येतें, असें सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीं लिहिलें, व धोक्याच्या माणसाकडून जामीन घेण्याच्या जुन्या चालीचा दाखला दिला. न्यायमूर्ति क्लॅरेन्स टॉमस यांनीं एकट्यांनीं विरोध केला. जामीन देणाऱ्याची बंदूक त्याजपाशींच राहत असे, हें त्यांनीं दाखवून दिलें. ही शंका हलकी नव्हे.

आमच्या देशांत बंदूक ही हक्काची नसून परवान्याची वस्तु आहे. तरी नियम त्याच जातीचा आहे. लोक ज्यास 'चॅप्टर केस' म्हणतात, त्यांत दंडाधिकारी चौकशी करून शांतता राखण्याबद्दल एक वर्षापर्यंतच्या मुदतीचें बंधपत्र लिहून घेऊं शकतात. पूर्वीं हें फौजदारी संहितेच्या १०७ व्या कलमान्वयें होत असे. १ जुलै २०२४ पासून तें भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ व्या कलमान्वयें होतें. असें बंधपत्र देण्याचा हुकूम ज्यास झाला, त्यास त्या मुदतींत बंदूक बाळगतां येत नाहीं, असें १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ९ व्या कलमांत आहे.

कांहीं वर्षांमागें आमच्या मंडळीतील दोघां भावांवर हा प्रसंग आला. थोरल्यानें विहिरीवर रागाच्या भरांत बंदुकीचें नांव काढिलें. धाकट्याची बायको मुलांस शेतांत पाठवीनाशी झाली. अर्ज झाला. आपण तसें बोललोंच नाहीं अशी साक्ष आम्हीं द्यावी, अशी थोरल्यानें विनंती केली; परंतु ते शब्द आम्हीं स्वतः ऐकिले होते, म्हणून आम्हीं नकार दिला. हुकूम झाला, बंदूक ठाण्यांत गेली, आणि तो आम्हांकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, मीं कोणास मारलें?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

पुढें विचार करितां आम्हांस असें दिसलें कीं, घराच्या धाब्यास कठडा बांधावा अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे. कठडा ही घरधन्यास शिक्षा नव्हे. कोणी पडण्यापूर्वींच तो बांधावयाचा असतो. दावीद नाबालाच्या घरावर तरवार घेऊन निघाला, तेव्हां त्याच्या हातून रक्तपात झाला नव्हता. अबीगईलेनें त्यास वाटेंत अडविलें, आणि त्यानें तिचे उपकारच मानिले. हात रिकामा झाल्यानें जो पापांतून वांचला, त्याचा अपमान झाला असें आम्ही म्हणत नाहीं.

परंतु एवढ्यानें धाकट्याचें काम संपत नाहीं. ज्यास भय आहे त्यानें खरें तेंच सांगावें. कारण खोट्या साक्षीनें दुसऱ्याचें शस्त्र काढविणें हें त्यास निःशस्त्र करून लुटण्यासारखें आहे. निकदेमानेंही ऐकून घेतल्यावांचून कोणास दोषी ठरवूं नये असेंच सुचविलें होतें. शिवाय खऱ्या भयावरही एक ऋण चढतें. त्या वर्षीं थोरल्याचा भुईमूग रानडुकरांनीं उकरला. आम्हीं धाकट्यास म्हटलें, "तुझ्या मुलांचें भय जावें म्हणून त्याचें पीक उघडें पडलें आहे, राखण करावयास तूं जा." तो कित्येक रात्री कंदील घेऊन भावाच्या माळ्यावर बसला. पहिले कांहीं दिवस थोरला त्याच्याशीं बोलला नाहीं. पुढें एके रात्रीं त्यानें भाकरी पाठविली.

मुदत संपली, बंदूक परत आली. बांधाचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पण मुलें शेतांत जातात.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गांवीं असा प्रसंग आला, तर भ्यालेल्यास 'उगाच भितोस' म्हणूं नका, आणि ज्याची बंदूक गेली त्यास खुनी म्हणूं नका. न्यायालय हात रिकामा करूं शकतें. मन रिकामें करणें त्याच्या हातीं नाहीं. तें काम प्रभूनें मंडळीवर सोंपविलें आहे, आणि तें करण्यास तो आम्हां सर्वांस धीर देवो.