ताकाचं भांडं

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं आपली म्हण सांगते. पण ते लपवावंसं का वाटे, याचा खुलासा ती करीत नाही. खुलासा सोपा आहे. ताक विकत मिळत नसे, मागावं लागे. आणि मागायचं म्हटलं की भांडं आपोआप पदराआड जातं.

आता जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावातही ताक पिशवीतून मिळतं. पैसे टाकले की झालं! भांडं लपवायला नको, कारण भांडंच न्यायला नको. ताक घुसळणाऱ्या काकूंच्या गुडघ्याची कहाणीही ऐकायला नको. परभणीचा उन्हाळा तेवढा पूर्वीचाच आहे.

ही सोय लहान नव्हे. जुन्या गावाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी एक विसरू नये. ते फुकटचं ताक सगळ्यांना सारखं मिळत नसे. कुणाला ओसरीवर बसवून मिळे, कुणाला अंगणाबाहेर उभं करून वरून ओतलं जाई. रुपया जात विचारत नाही, हा त्याचा मोठेपणा कबूल केलाच पाहिजे.

गोची पुढेच आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही आईबाप पाळणाघरातून मुलांना न्यायला उशीर करीत. म्हणून काही पाळणाघरांत दंड बसवून पाहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काय आढळलं? उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले! ताटकळणाऱ्या बाईंची आजवर लाज वाटे. आता त्या लाजेचा दर ठरला होता. तो भरला की माणूस मोकळा. पुढे दंड उठवला, पण लाज काही परत आली नाही.

भांडवलशाही म्हटलं की आपल्याला गिरणीचं धुराडं आठवतं. खरं म्हणजे ती तुमच्या-आमच्या जिभेवर बसलेली असते. ‘पैसे दिलेत ना, मग झालं!’ हे तिचंच वाक्य. उन्हाळ्यात कुणी पाणपोई घातली तर ‘यात याचा काय फायदा?’ असं आपण सहज विचारतो, तेही तिचंच.

रुपयाने मिंधेपणा संपवला, हे उत्तमच झालं. पण मिंधेपणा आणि ऋण या दोन गोष्टी एकच आहेत, असंही त्याने आपल्याला हळूच पटवून दिलं. कुणाचंच काही देणं लागत नाही, त्या माणसाला श्रीमंत म्हणायचं की एकटा? ताकाच्या पिशवीवर याचं उत्तर नसतं. तिथे फक्त शेवटची तारीख असते.