परवाना बाईच्या नावाचा

वर्धा नदीच्या मार्गानं आगबोटी चालाव्यात म्हणून इंग्रज सरकारनं एके काळी खरोखर पैसा ओतला होता. उन्हाळ्यात पुलगावच्या पुलावरून नदीचं पात्र पाहणाऱ्याला ही थट्टाच वाटेल. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांचे डोळे हिंगणघाटच्या बनी कापसाकडे लागले. वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा जलमार्गानं गाठी थेट काकिनाड्याला न्यायच्या, हे इंग्रज इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांचं स्वप्न. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे. गोदावरीवरच्या दुम्मागुडेमला बंधाऱ्याचं आणि कालव्याचं काम झालंही. पण १८६७मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि १८७१मध्ये योजना गुंडाळली गेली. आपल्या नदीला मग ढिवरांचे डोंगे तेवढे उरले.

बोटी आल्या असत्या, तर बोटीवर संसार करणारी घरंही आली असती. अशी घरं अमेरिकेच्या नद्यांवर होती. त्यांतलं एक मिलर यांचं.

मेरी मिलर १८४६ची, लुईव्हिलची. बाप आगबोटीवर इंजिनिअर. नवरा जॉर्ज बिजवर, पहिल्या लग्नाची मुलं असलेला, नदीत मुरलेला. ‘सलाइन’ नावाच्या त्यांच्या बोटीवर बिऱ्हाड आणि धंदा एकत्रच होता. जॉर्ज सुकाणूही धरायचा आणि कप्तान म्हणूनही वावरायचा. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली की, एकच माणूस दोन्ही हुद्दे कसे सांभाळतो? पगारी कप्तान ठेवला तर नफा त्याच्याच खिशात जायचा. तेव्हा मेरीनं अर्ज केला. न्यू ऑर्लिन्सचे तपासनीस गांगरले. बाईला कप्तानीचा परवाना द्यावा की नाही, हा प्रश्न थेट वॉशिंग्टनला अर्थमंत्री चार्ल्स फोल्जर यांच्यापर्यंत गेला. बाई कामाला लायक असेल तर द्या, असा त्यांचा कौल पडला. १६ फेब्रुवारी १८८४ रोजी मेरीच्या हाती परवाना आला.

या घटनेकडे स्त्रीमुक्तीची पताका म्हणून पाहण्याचा मोह मला होत नाही. घरचा धंदा अडला होता, घरात माणूस होतं, एवढाच हा व्यवहार. पण व्यवहारातून मिळालेला हक्क कमी अस्सल असतो असं थोडंच आहे! उलट तोच जास्त टिकाऊ, असं माझं मत. त्याच महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकीचा अभ्यास करत होत्या. त्यांच्यामागे नवऱ्याचा, गोपाळरावांचा हट्ट होता, कधी कधी छळाच्या टोकाला जाणारा. जॉर्ज मिलरला असल्या ध्येयानं झपाटलेलं नव्हतं. त्याला परवानाधारक कप्तान हवा होता. दोघींपैकी कोणाचा संसार सोपा होता, हे वाचकानं ठरवावं.

मेरी मिलर १८९४मध्ये गेली. पुढच्या पिढीत ओहायो नदीवर मेरी बेकर ग्रीन आली. १८९०मध्ये तिनं गॉर्डन ग्रीनशी लग्न केलं आणि नवऱ्याच्याच बोटीवर काम शिकून काही वर्षांत सुकाणूचा आणि कप्तानीचा, दोन्ही परवाने मिळवले. पुढे नवरा एका बोटीवर, बायको दुसरीवर. मुलगा टॉमचा जन्मही बोटीवरच झाला. गॉर्डन १९२७मध्ये वारला, पण कंपनी चालू राहिली. १९४६मध्ये टॉमनं ‘डेल्टा क्वीन’ ही बोट घेतली आणि १९४९मध्ये मेरी ग्रीननं अखेरचा श्वास घेतला तो तिच्यावरच. टॉमच्या मागे कंपनी सांभाळली ती त्याच्या बायकोनं, लेथानं. घराण्याचा इतिहास सलग सांगता येतो, कारण प्रत्येक टप्प्यावर कागदावर बाईचं नाव आहे.

नेमकं हेच आपल्याकडे हरवतं. ढिवराच्या घरात बाई जाळी दुरुस्त करते, मासळी डोक्यावर घेऊन बाजार गाठते, हिशोब ठेवते. नाव मात्र घरच्या पुरुषाचं. कापसाच्या शेताचंही तेच. निंदण, वेचणी बाईची, सातबारा दादल्याचा. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ सुरू केली, तेव्हा संघटनेचे नेते शरद जोशी यांनी हे दुखणं बरोबर पकडलं होतं: नवऱ्यानं आपल्या राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. गावात शंभरावर जणांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. सरकारी मेहेरबानी नव्हे, दानधर्म तर नव्हेच. ती घरातली थकबाकी होती. त्या मोहिमेला मिळाली त्याहून कितीतरी मोठी जागा आपल्या इतिहासात मिळायला हवी.

या दिवाळीत घरची माणसं जमली की शेताचा सातबारा तेवढा काढून पाहा. नदीकाठी राहत असाल तर मच्छीमार सोसायटीचं सभासद-रजिस्टरही मागा. बायकांची नावं त्यात किती आहेत ते मोजा, आणि ज्यांची नाहीत ती घालायला तलाठ्याकडे किंवा सचिवाकडे स्वतः जा.