पोपटाची शिकवणी

दिवाळीला पाहुणे येऊ लागले, की घरात दाखवण्यासारखे जे जे असेल ते ते ओसरीवर येते. अनारसे येतात, तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारे चिरंजीव येतात, आणि एखाद्या घरी पोपटाचा पिंजराही येतो. ‘बोल रे, विठू विठू बोल!’ म्हणून यजमान त्याला चुचकारतात. तो नेमका त्याच वेळी मान वाकडी करून गप्प बसतो. आणि पाहुण्यांनी चपलांत पाय घातले, की मागून खणखणीत आवाजात पुकारा करतो. या बाबतीत पोपट मला चिरंजिवांपेक्षा अधिक स्वतंत्र बाण्याचा वाटतो.

धर्मापुरीतल्या माझ्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी शहरातून कॉकटील जातीचा पक्षी आणला. करडे अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकला; मूळचा ऑस्ट्रेलियातला. (आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांमुळे गुन्हा ठरते, हे पुष्कळ शिकल्यासवरल्या घरांतही ठाऊक नसते.) ते मला म्हणाले, “गुरुजी, याला बोटावर बसायचे, घंटी वाजवायची, शीळ घालायची, असे सगळे शिकवायचे आहे. रोज किती वेळ घालवावा? तुमचा धंदाच शिकवण्याचा; तुम्हांला अंदाज असेल.”

याचे व्यवहारातले उत्तर सोपे आहे. एका वेळी पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. आधी हाताची भीती मोडायची, मग काडीवर चढवायचे, मग बोटावर. जमले की लगेच सूर्यफुलाचे एक बी द्यायचे, आणि त्याचा उत्साह टिकून आहे तोवरच थांबायचे. आमच्या वर्गांतले तास याच हिशोबाने बांधले असते, तर किती मुलांचे कल्याण झाले असते!

पण या सूर्यफुलाच्या बियात एक काटा दडलेला आहे. पोट भरलेला पक्षी शिकत नाही, म्हणून काहीजण त्याला उपाशी ठेवून शिकवतात, आणि भुकेला पक्षी लवकर शिकतो हे खरेच आहे. रस्त्यावरच्या ज्योतिष्याचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन पाकीट उचलतो, ते आपले भविष्य कळले म्हणून नव्हे. त्याला एक दाणा मिळायचा असतो. जेवणाआधीची साधी भूक आणि लादलेला उपास यांत फरक आहे, आणि तो शिकवणाऱ्याला चांगला कळत असतो. वेळ वाचवण्यासाठी जो ही रेघ ओलांडतो, त्याने तो वेळ पक्ष्याच्या पोटातून काढलेला असतो.

आम्ही कादंबरीकार तर पोपटाचे ऋणी आहोत. बाणभट्टाच्या ज्या ग्रंथावरून मराठीत कादंबरीला नाव मिळाले, त्याची कथा शूद्रक राजाच्या दरबारात वैशंपायन नावाचा पोपटच सांगू लागतो. तरी न समजता केलेल्या घोकंपट्टीला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो! हा शब्द पोपटावर थोडा अन्यायच करतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७ साली ॲलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट शिकवायला घेतला. तो रंग सांगे, आकार सांगे, सहापर्यंत वस्तू मोजी, दोन वस्तूंत सारखे काय आणि वेगळे काय तेही सांगे. शिकवण्याची रीत मोठी गमतीची होती. त्याच्यासमोर दोन माणसे बसत. एक वस्तू दाखवून विचारी, दुसरा नाव सांगून ती वस्तू मिळवी. पोपट हे पाही, आणि आपल्यालाही ती हवी म्हणून मध्येच तोंड घाली. बक्षीस बियांचे नसे. ज्या वस्तूचे नाव घेतले तीच हाती पडे. २००७ साली ॲलेक्स वारला. तीस वर्षे शिकवणी चालली होती. त्याची विद्या सगळे सांगतात. ती तीस वर्षे त्याच्या अवतीभवती माणसे होती, हे फारसे कुणी सांगत नाही.

हुरड्याच्या दिवसांत आमच्या शिवारातल्या ज्वारीवर राघूंचे थवे उतरतात. माळ्यावरून गोफण फिरली की उठतात, पण मुक्याने कधीच उठत नाहीत. एकमेकांना हाका घालीतच उठतात. या हाकांत किती अर्थ असतो! व्हेनेझुएलातल्या एका चिमुकल्या पोपटाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की प्रत्येक पिल्लाची हाक वेगळी असते आणि पिल्ले ती आईबापांकडून शिकतात. जणू घरात ठेवलेले नावच. मग पिंजऱ्यातला पोपट आपण शिकवलेले शब्द दिवसभर घोकतो, ते काय असावे? त्याच्या थव्यात आता आपणच उरलो, आणि आपली भाषा उचलून तो आपल्यालाच हाका मारीत असावा, असे माझे मन मला सांगते.

तसे असेल तर रोजच्या दहा मिनिटांचा प्रश्न दुय्यम ठरतो. घंटी वाजवायला दोन महिन्यांत शिकवता येते. पण नीट निगा राखली तर कॉकटील पंधरा-वीस वर्षेही जगतो. पाहुण्यांच्या टाळ्या पहिल्या दिवाळीला पडतात, दुसऱ्या दिवाळीला कुणी विचारीत नाही. तेव्हा शिकवणी थांबते, पिंजरा मागल्या पडवीत जातो, आणि ज्याला आपण माणसांच्या सोबतीची सवय लावली तो भिंतीशी बोलत बसतो. मुळीच न शिकवलेल्या पक्ष्यापेक्षा याचे हाल मला अधिक वाटतात. कुणी म्हणेल, पाखरासाठी एवढा विचार कशाला? पण त्याला लळा लावायला आपणच गेलो होतो. तो आपल्या दारी शिकवणी मागायला आला नव्हता.

स्नेह्यांना मी उलट विचारले, “तुमचे घर दिवसातून किती तास रिकामे असते?” त्यांनी बोटे मोजली. दोघे नोकरीला, मुले शाळेत. सात तास भरले. लग्नसराईत तर चार-चार दिवस कुलूप. “मग आधी त्या सात तासांचे बघा,” मी म्हणालो. त्यांना ते फारसे रुचले नसावे. पण पुढच्या आठवड्यात पिंजरा ओसरीवरून शेजारच्या आजींच्या खिडकीपाशी गेला. आजी दिवसभर निवडणे-टिपणे करीत त्याच्याशी बोलत असतात. पक्षी अजून घंटी वाजवीत नाही. आजींच्या कुकरची शिट्टी मात्र तो हुबेहूब काढतो, आणि त्या दर वेळी उठून गॅस बंद करायला जातात.