ग्रंथालय आणि शब्दप्रमाण

शालेय प्रकल्पासाठी ग्रंथालयात बसलेला विद्यार्थी ज्या गोष्टींविषयी लिहितो त्यांतील बहुतेक त्याने स्वतः पाहिलेल्या नसतात. त्याचा सारा आधार दुसऱ्याच्या वचनावर असतो, आणि अशा आधाराने जे कळते त्याला ज्ञान म्हणावे काय, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. वैशेषिकांनी शब्द, म्हणजे वचनातून ज्ञान देणारे साधन, वेगळे न मानता अनुमानातच धरले. नैयायिकांनी मात्र त्याला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले आणि ते वचन आप्ताचे असावे अशी अट घातली. ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे व जे जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे न्यायदर्शनाचा भाष्यकार वात्स्यायन याने म्हटले आहे, आणि एवढे उदार विधान शास्त्रग्रंथांत क्वचितच आढळते.

ही अट ग्रंथालयात कशी पाळावी, हे ज्ञानेश्वरीच्या अभ्यासातून चांगले दिसते. ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे विषयवार अंक देऊन, लावलेल्या ग्रंथालयात ज्ञानेश्वरीविषयीची पुस्तके हिंदू धर्माच्या २९४.५ या अंकाखाली असू शकतात तशी मराठी साहित्याच्या ८९१.४६ खालीही असू शकतात, म्हणून एकच कपाट पाहून उठणे बरे नव्हे. त्यातून दोन प्रती हाती आल्या की ओव्यांची संख्या आणि काही पाठ जुळत नाहीत. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाची एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार केली, तर वि. का. राजवाडे यांनी इ.स. १९०९ मध्ये वेगळ्या हस्तलिखितावरून पाठ छापला; त्यामुळे संपादकाने कोणता आधार घेतला, हे प्रस्तावनेत शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

परस्परविरोधी मतांतून उपजणारा संशय न्यायशास्त्राने विचाराचा आरंभ मानला असून, पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तपासून जे ठरते त्याला निर्णय म्हटले आहे. म्हणूनच प्रत, संपादक, वर्ष आणि पृष्ठ यांची नोंद न करता केलेली नक्कल ही चोरी तर असतेच, पण तिचा त्याहून मोठा दोष असा की वचन कोणाचे हेच ती झाकते आणि वाचकाला आप्ताची परीक्षा करू देत नाही. पुरावा अपुरा असेल तेथे दोन्ही पाठ शेजारी लिहून निर्णय राखून ठेवण्याचा अधिकार शाळकरी अभ्यासकालाही आहे.