निघून जाणारे पाणी

लेस्टर पेल्टन हा अमेरिकेतल्या ओहायोच्या शेतकरी घरातला मुलगा. १८५० मध्ये सोन्याच्या ओढीने तो कॅलिफोर्नियाला गेला. सोने त्याला लाभले नाही. काही काळ त्याने नदीत मासे धरले, मग डोंगरातल्या कॅम्प्टनव्हिल गावी सुतारकाम पत्करले आणि खाणींना पाणचक्क्या उभारून देऊ लागला.

खाणीतला दगड कुटायला जोर हवा. वाफेच्या इंजिनाला लाकूड लागे, आणि त्यासाठी आसपासची जंगले तोडली जात होती. पाणी मात्र हाताशी होते. उंचावरून नळाने खाली आणले की तोंडाशी प्रचंड झोत सुटे. हा झोत चाकाच्या कडेला बसवलेल्या सपाट फळ्यांवर सोडत. चाक फिरे, पण निम्म्याहून अधिक जोर वाया जाई. फळीवर आपटलेले पाणी चहूकडे उडे आणि जाताना आपला बराचसा वेग सोबत घेऊन जाई.

एकदा फळ्यांऐवजी वाट्या बसवलेल्या एका चाकाची पाचर ढिली झाली आणि ते आसावर जरासे सरकले, असे सांगतात. झोत वाटीच्या मधोमध बसायचा, तो कडेवर बसू लागला. चाक मंदावायला हवे होते, पण ते जास्तच जोरात फिरू लागले.

पाचर ठोकून चाक जागेवर आणायचे, एवढेच मिस्त्रीचे काम. पेल्टनने आधी पाहून घेतले. मला ही गोष्ट मोठी वाटते ती या पाहण्यामुळे. झोत किती जोराने येतो हे कुणालाही दिसते. त्याने पाहिले ते निघून जाणारे पाणी. कडेवर पडलेले पाणी आतल्या अंगाला घासत वळत होते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना थकल्यासारखे खाली गळत होते. त्याच्यातला जोर चाकाने काढून घेतला होता.

पुढे त्याने वाट्यांचे आकार घडवून पाहिले, मोडले, पुन्हा घडवले. झोत एकाच कडेवर पडला तर चाक आडवे रेटले जाणार. म्हणून त्याने दोन वाट्या जोडल्या. आपण दोन्ही हातांचे पसे शेजारी धरले तर मध्ये करंगळ्यांची कड उभी राहते, तशी. झोत त्या धारदार कडेवर पडतो, दोन्हीकडे सारखा दुभंगतो आणि वाटीच्या पोटातून वळून मागे फिरतो. वाटी झोताच्या साधारण निम्म्या वेगाने पळत असेल, तर मागे फिरलेल्या पाण्यात वेग जवळजवळ उरत नाही. अगदी उलट मात्र त्याला वळवत नाहीत, कारण मागून येणाऱ्या वाटीच्या पाठीवर ते आदळेल. बाहेर पडायला त्याला थोडी तिरकी वाट ठेवावी लागते.

१८८० मध्ये त्याला पेटंट मिळाले. १८८३ मध्ये ग्रास व्हॅलीच्या आयडाहो खाणीने चाकांची स्पर्धा ठेवली. पेल्टनच्या चाकाने पाण्यातली ९०.२ टक्के शक्ती कामाला लावली. त्याच्या पाठोपाठचे चाक ७६.५ टक्क्यांवर थांबले. सोने न सापडलेल्या सुताराचे चाक खाणीखाणीत बसू लागले.

पुढे ते आपल्या सह्याद्रीतही आले. खोपोलीच्या वीजघरात १९१५ पासून घाटमाथ्यावरचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली उतरून पेल्टनच्या चाकांवर पडते. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांची, पोफळीच्या वीजघरातली चाकेही याच जातीची.

खोपोलीला गेलात तर डोंगरउतारावरचे ते मोठाले नळ तुम्हाला दिसतील. झोत दिसणार नाही, तो पोलादी कवचाच्या आत असतो. पण वीजघरातून बाहेर पडून पाताळगंगेकडे निघालेले पाणी आवर्जून पाहा. सगळा घाट उतरून आलेल्या त्या पाण्यात घाटाचा वेग उरलेला नसतो.