मिरास आणि मर्जी

मराठवाड्यातल्या हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. नव्या नावातली ‘हिमायत’ अरबीतून आलेली. तिचा अर्थ पाठराखण. पाठराखण मर्जीने मिळते आणि मर्जी फिरली की जाते. निजामी अमलात तर साधी सभा भरवायलाही परवानगी लागे.

मर्जीवर न टिकणाऱ्या हक्कालाही आपल्याकडे जुना शब्द आहे : मिरास. अरबीत मीरास म्हणजे वारसा. ‘वारस’ही त्याच धातूतला. मराठेशाहीत सारा भरणाऱ्या मिरासदाराची जमीन सहसा कुणी काढून घेत नसे. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार वर्षांनी परतला तरी आपले शेत मागू शके. मिरास नसलेला शेजारचा उपरी मात्र तीच माती कसून उपरीच राही. पुढे ‘मिरासदारी’ मक्तेदारीच्या अर्थाने टोमण्यात आली आणि उपऱ्याचे दुःख ‘उपरा’ या शब्दात साठले. बोलणाऱ्यांनी केलेला हा निवाडा चोख आहे. हक्क घराण्याला चिकटला की कुणाचे तरी उपरेपणही पिढीजात होते.

वतनाने तर हक्काचीच बेडी केली. महार वतन सुटत नसे, म्हणून राबणेही सुटत नसे. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात हाक येईल तेव्हा सरकारी कामाला धावायचे, तेही घरादारासकट. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्ध.

मग हक्क अढळ कसा करायचा? संविधानाने मूलभूत हक्क घराण्यापासून आणि मर्जीपासून सोडवले. बशेशर नाथ खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले : समानतेचा मूलभूत हक्क खुद्द नागरिकालाही सोडून देता येत नाही. स्वतःचाच हक्क, मग ही सक्ती कशाला, असे वाटेल. उत्तरासाठी सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार वर्ग २’ हा शेरा पाहा. अशी जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. घरात लग्न किंवा आजारपण निघाले की शेतकऱ्याला हा शेरा जाचतो, आणि त्याचा त्रागा खोटा नसतो. पण अडलेला माणूस कशावरही अंगठा उठवतो, हे सावकाराला पक्के ठाऊक असते.

जमिनीवरचे असले बंधन सैल करावे की नाही, यावर वाद जरूर व्हावा. माणूसपणाचा हक्क मात्र गहाण पडू नये. कारण तो गहाण टाकायची पाळी नेहमी गरिबावरच येते.